हयातीचा दाखला, एरियर्सचे फोन आणि गळ्यात मारलेल्या पॉलिसी: पेन्शनर आई-वडिलांसाठी काय आधी करायचं, काय नंतर

"ओटीपी कुणाला सांगू नका" हे आता घरातल्या पोराटोरांनाही पाठ झालंय, तरी दर नोव्हेंबरला, हयातीच्या दाखल्याच्या महिन्यात, कुणाचं ना कुणाचं खातं रिकामं होतंच. माहिती नसते असं नाही, बऱ्याच घरांत क्रम चुकतो. पैसे गेले की माणूस आधी ब्रँचमध्ये धावतो, तिथे लंच टाइम, मग पोलीस स्टेशन, आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन होतो संध्याकाळी जावयाने सांगितल्यावर. पॉलिसी भलतीच निघाली की आधी एजंटलाच फोन, तो "काका मी बघतो ना" म्हणत महिना काढतो आणि परत करायची मुदत निघून जाते.

तेव्हा हे सगळं क्रमाने लिहितोय. माजी सैनिक, वीरपत्नी आणि फॅमिली पेन्शनवाल्या काकी, राज्य-केंद्र सरकारचे पेन्शनर आणि मुख्य म्हणजे त्यांची पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेली मुलं, सगळ्यांना लागू आहे. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात फौजी पेन्शन गावोगाव आहे, आणि हे फोन करणाऱ्यांनाही ते चांगलंच माहीत असतं.

## १. फोन येण्याआधीची तयारी

एक साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाईलमध्ये नोट नको, कारण भानगड झाली की पहिला मोबाईलच हातातून जातो. वहीत लिहायचं:

- पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), पेन्शन कुठल्या बँकेत, कुठल्या ब्रँचला. फौजींचा स्पर्श पोर्टलचा (संरक्षण खात्याचं पेन्शन पोर्टल) युजर आयडी आणि सेवेच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस (मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगाव, तसं आपलं जे असेल ते)
- बँकेचा कस्टमर केअर नंबर, तो पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून उतरवलेला. गूगलवर शोधून अजिबात नाही, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात
- जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर, शक्य असेल तर तिथल्या कल्याण संघटकांचाही
- घरात चालू असलेल्या सगळ्या पॉलिसी: कंपनी, नंबर, हप्ता किती, किती वर्षं भरायचाय, नॉमिनी कोण
- १९३०, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात

पासवर्ड, पिन, एमपिन यातलं काही वहीत नको.

मग खात्यांची रचना बदला, खरा फरक इथेच पडतो. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. दुसरं एक लहान खातं काढा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे टाका, आणि फोन पे-गूगल पे जे काय वापरायचं ते त्याच खात्यावर. पेन्शन खात्याची नेट बँकिंगची रोजची लिमिट ब्रँचला अर्ज देऊन कमी करून घ्या. एफडी असतील तर ऑनलाइन मोडता येऊ नयेत किंवा त्यावर ऑनलाइन ओव्हरड्राफ्ट काढता येऊ नये अशी सोय तुमच्या बँकेत आहे का ते त्याच फेरीत विचारा. लोकांना वाटतं सेव्हिंगला तीस हजारच आहेत, जाऊन जाऊन जाणार किती, आणि चोर नेट बँकिंगमधून एफडी मोडून नेतो.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करा (यूआयडीएआयच्या साइटवर किंवा आधारच्या ॲपमध्ये होतं). अंगठ्यावर पैसे काढायची जी सोय आहे तिचा गैरवापर त्याने थांबतो.

सावध: लॉक केलंत तर हयातीच्या दाखल्याच्या दिवशी ते आधी तात्पुरतं उघडायला लागतं. नाहीतर अंगठाही घेत नाही आणि चेहराही घेत नाही, आणि मग लोक वैतागून कायमचं उघडं ठेवतात.

तपासा: बँकेत रजिस्टर असलेला मोबाईल नंबर नक्की कुणाकडे आहे? मुलाचा नंबर दिलेला आणि मुलगा दुबईत, असं खूप घरांत असतं. पैसे गेल्याचा मेसेज तिकडे जातो, तो ड्युटीवर असतो, इकडे आबांना पत्ताच नाही. नंबर ज्याचं खातं त्याचाच हवा, जमलं तर मेसेज ईमेलवरही मुलाला जाऊ दे.

## २. आपल्याला काय-काय मिळतं याची यादी

हे लोक टाळतात, पण घाबरवून विकणाऱ्याचं सगळं दुकान चालतं ते याच अज्ञानावर. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आहे का, पॉलीक्लिनिक कुठलं, पत्नीचं नाव त्यात आहे का. सीजीएचएस (केंद्र सरकारच्या कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) असेल तर तसं. सत्तरी ओलांडलेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं कव्हर, आणि कार्ड फुकट. आयुष्मान ॲपवर आधारने स्वतः काढता येतं. ते काढून द्यायला कुणी फोनवर "रजिस्ट्रेशन फी" मागत असेल तर तिथेच फोन ठेवा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या: ईसीएचएस किंवा सीजीएचएस असलेल्यांना दोन्ही मिळत नाहीत, एक निवडावं लागतं. ईसीएचएस चालू असताना कुणीतरी सांगितलं म्हणून घाईने दुसरं निवडू नका, आधी पॉलीक्लिनिकला विचारा.

यादी एकदा झाली की "ईसीएचएस आता बंद होणार, आजच्या आज ही पॉलिसी घ्या" असं कुणी म्हणालं तरी आबा शांतपणे चहा पीत बसू शकतात.

## ३. हयातीचा दाखला स्वतः वेळेत करून टाका

दाखला झालेला असेल तर "दाखला अपडेट नाही, पेन्शन बंद होईल" या फोनमधली अर्धी हवा तिथेच जाते. नेहमीचा महिना नोव्हेंबर, केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. स्पर्शवाल्या फौजींनी पोर्टलवर लॉगिन करून आपली पुढची तारीख बघून वहीत लिहायची, शेजारच्याची असते तीच आपली असेल असं नाही. राज्य सरकारचे बरेच पेन्शनर बँकेत जाऊन कोषागाराच्या यादीवर सही करतात, तेही चालतंच.

घरून करायचं असेल तर क्रम असा:

1. बायोमेट्रिक लॉक असेल तर उघडा.
2. प्ले स्टोअरमधूनच आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून नाही.
3. पहिल्यांदा ऑपरेटरचा आधार विचारतो, म्हणजे ज्याच्या फोनवरून करताय त्याचा. त्याचा चेहरा झाला की मग पेन्शनरची माहिती. इथे बरेच जण गोंधळतात.
4. पीपीओ नंबर, खाते नंबर आणि पेन्शन देणारी संस्था वहीत बघून भरा. फौजी पेन्शन स्पर्शवर गेलेली असताना जुनी बँक निवडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि त्यावर दाखला रिजेक्ट होतो.
5. चेहरा उजेडाकडे करून स्कॅन करा. चष्मा काढा, पापणी हलवायला सांगतो तेव्हा हलवा.
6. प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा, मेसेज आला की वहीत लिहा.

हे जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन करून देतो, पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सोय आहे, थोडी फी लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ब्रँचमध्ये उचलून नेण्याची काही गरज नाही.

तपासा: प्रमाण आयडी आला म्हणजे दाखला स्वीकारला असं नव्हे. चार-आठ दिवसांनी स्टेटस बघा. रिजेक्ट असेल तर चुकलेली माहिती दुरुस्त करून नवा करा.

आता ओटीपीचं. दाखल्याच्या खऱ्या कामातही ओटीपी येतो, आणि "कुणालाच सांगू नका" ऐकलेल्या आजी पोस्टमनसमोर अडून बसतात, मग एकदा सांगितला की पुढच्या वेळी फोनवरच्यालाही सांगतात. म्हणून त्यांना नियम असा शिकवा: काम मी सुरू केलंय का? माणूस समोर बसलाय का? आणि मेसेजमध्ये काय लिहिलंय? मेसेज मोठ्याने पूर्ण वाचायचा, नुसते सहा आकडे नाही. त्यात रुपयांचा आकडा, बँकेचं नाव, "लॉगिन", "बेनिफिशियरी" असलं काही असेल तर ओटीपी दाखल्याचा नाही.

## ४. फोन आलाच तर

फोन असा येतो: "जय हिंद साहेब, रेकॉर्ड ऑफिसमधून बोलतोय." मग तो तुमचा पीपीओ नंबर सांगतो, रिटायरमेंटची तारीख सांगतो, पेन्शन किती येते ते सांगतो, कधी कधी नॉमिनीचं नावसुद्धा. आणि इथेच आपला माणूस विरघळतो, की एवढं सगळं माहितीये म्हणजे ऑफिसचाच असणार. ही माहिती बाहेर विकली जाते, तेव्हा ती असण्याने काहीच सिद्ध होत नाही. ट्रूकॉलरवर "पेन्शन ऑफिस" दिसण्यानेही नाही, ते नाव कुणीही पाडू शकतं.

करायचं फक्त हे: "बरं, मी ऑफिसला फोन करतो" म्हणून ठेवून द्यायचं. वाद नाही, शिव्या नाहीत, त्याला पकडून द्यायची हौस तर मुळीच नाही (फौजी माणसाला ही हौस जरा जास्तच). दहा मिनिटं थांबून वहीतल्या नंबरवर आपण फोन लावायचा.

बँका-विमा कंपन्यांच्या सर्व्हिस कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर आणि जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. दहा आकडी साध्या मोबाईलवरून "बँकेतून बोलतोय" म्हणणारा आला की तिथेच शंका घ्या. अर्थात १६०० वरून आला म्हणून ओटीपी द्यायचा असं नाही.

खालचं काहीही मागितलं की फोन बंद:

- एरियर्स (पेन्शनची थकलेली रक्कम), वन रँक वन पेन्शनचा फरक किंवा आठव्या वेतन आयोगाची रक्कम सोडवायला आधी पैसे. फरक आला तर तो सरळ खात्यात जमा होतो, त्याला फाइल चार्ज नसतो
- व्हॉट्सॲपवरची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी), नाव काही असो: पेन्शन कॅल्क्युलेटर, चलान, लग्नपत्रिका
- स्क्रीन दाखवायचं ॲप घ्यायला सांगणं
- `*४०१*` आणि पुढे एखादा नंबर डायल करायला लावणं. याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. चुकून केलं असेल तर `##००२#` डायल करून बंद करा
- व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस आणि "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, घरात कुणाला सांगू नका". भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही

तपासा: घरात एक शब्द ठरवा, नातवंडाचं लाडाचं नाव वगैरे. "मी तुमचा नातू, ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठवा" असा फोन आला की तो शब्द विचारायचा.

## ५. विम्याच्या कागदावर सही करण्याआधी

आता वरच्यापेक्षा वेगळं प्रकरण. इथे समोरचा चोर नसतो, चांगला शर्ट-टायमधला, आजींना "आई" म्हणणारा माणूस असतो, कंपनीही खरी असते. फसवणूक असते ती सांगण्यात. रिटायरमेंटचे पैसे किंवा मॅच्युअर झालेली एफडी खात्यात आली की आठवड्याभरात हा हजर. "एफडीच आहे, फक्त जरा जास्त व्याजाची आणि वर विमा फुकट."

एफडी की पॉलिसी हे ओळखायला आर्थिक ज्ञान लागत नाही. फॉर्ममध्ये उंची, वजन, तंबाखू-बिडी, आधीचे आजार विचारलेत? मग ती एफडी नाही. मागे पावती मिळाली त्यावर "प्रीमियम" लिहिलंय? एफडी नाही. व्याजावर टीडीएस नको म्हणून एफडीला जो फॉर्म लागतो, त्याचा इथे विषयच निघाला नाही? नाही.

सहीच्या आधी हे प्रश्न, आणि उत्तरं कागदावर मागायची:

1. हप्ता एकदाच की दरवर्षी? किती वर्षं? ७१ वर्षांच्या माणसाला बारा वर्षं दरसाल एक लाख भरायची पॉलिसी "वन टाइम" म्हणून दिलेली असते, दुसऱ्या वर्षी हप्त्याचा मेसेज आला की कळतं.
2. विमा कुणाच्या नावाचा? वय बसत नाही म्हणून नातवाच्या नावाने काढतात आणि पैसे आजोबांचे.
3. मध्येच मोडली तर हातात किती? युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र) असेल तर पाच वर्षं पैसे अडकतात.
4. बेनिफिट इलस्ट्रेशन, म्हणजे पुढे किती मिळेल त्याचा तक्ता, दाखवा. त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात, ते अंदाज आहेत, ग्यारंटी जिथे लिहिलीये तेवढीच ग्यारंटी.
5. ग्राहक माहिती पत्रक मराठीत द्या. आरोग्य विम्याचं ते आपल्या भाषेत मागता येतं.

फॉर्म कोरा सही करून देऊ नका हे सगळेच सांगतात, पण त्याहून जास्त घात होतो दोन रकान्यांत: मोबाईल नंबर आणि ईमेल. एजंट तिथे स्वतःचा किंवा भलताच नंबर टाकतो. मग पॉलिसीची पीडीएफ, व्हेरिफिकेशनचा कॉल, सगळं परस्पर होतं. ते दोन रकाने स्वतःच्या हाताने भरा, भरलेल्या फॉर्मचा फोटो काढा.

चेक कंपनीच्या नावाने, प्रपोजल नंबर मागे लिहून. एजंटच्या नावाने किंवा त्याच्या यूपीआयवर काही नाही. लॉकर किंवा कर्ज हवं असेल तर पॉलिसी घ्यावीच लागेल असं बँकेतून कुणी म्हणालं तर "हे लिहून द्या" म्हणा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

सावध: पॉलिसी देण्याआधी कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल येतो आणि तो रेकॉर्ड होतो. एजंट शेजारी बसून सांगतो, "फॉर्मॅलिटी आहे आई, फक्त हो-हो म्हणा." पुढे तक्रार केली की कंपनी तेच रेकॉर्डिंग पुढे करते. कॉल एजंट गेल्यावर घ्या, आणि कळलं नाही ते "कळलं नाही" असंच म्हणा.

## ६. पॉलिसी हातात पडली: पहिले ३० दिवस

एप्रिल २०२४ पासून पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, म्हणजे नको असेल तर परत. त्यांनी कापायचं ते फक्त मधल्या दिवसांच्या विम्याचे, मेडिकल झाली असेल तर तिचे आणि स्टॅम्प ड्युटीचे पैसे. युलिपमध्ये त्या दिवशीच्या एनएव्हीचा (युनिटच्या भावाचा) फरक पडतो.

पहिल्याच संध्याकाळी करा: कुरिअरच्या पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा आणि पाकीट फेकू नका. पीडीएफ आली असेल तर मेसेजचा स्क्रीनशॉट. मग पॉलिसीच्या आत शेवटी लावलेली प्रपोजल फॉर्मची प्रत काढा आणि वाचा, लोक फक्त पहिलं रंगीत पान बघतात. वार्षिक उत्पन्न, व्यवसाय, आजार, हप्त्याची मुदत. पेन्शनर काकींना "बिझनेस, उत्पन्न बारा लाख" असं लिहिलेलं सापडतं. बीपी-शुगर सांगूनही "नाही" टिक केलेलं असतं, आणि आरोग्य विम्यात तर उद्या क्लेम त्यावरच अडकतो.

परत करायची ठरली तर:

1. एजंटला फोन करायचा नाही. परत केली की त्याचं कमिशन जातं, तो थांबवणारच. "पुढच्या आठवड्यात येतो", "एक वर्ष भरा मग काढून देतो", हे सगळं ३० दिवस संपवायला.
2. कंपनीच्या नावाने दोन ओळींचा अर्ज: पॉलिसी नंबर, मिळाल्याची तारीख, फ्री लूकमध्ये रद्द करायची आहे, कारण (एफडी सांगून दिली, हप्त्याची मुदत वेगळी सांगितली).
3. सोबत मूळ पॉलिसी, कॅन्सल्ड चेक, ओळखपत्र. सगळ्याची झेरॉक्स आपल्याकडे.
4. विमा कंपनीच्या ब्रँचमध्ये देऊन आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का. ज्या बँकेतून घेतली त्या बँकेच्या टेबलावर ठेवून येणं म्हणजे दिल्यासारखं नाही.
5. त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवरही पाठवा.

तपासा: तक्रार नंबर मिळाला? नसेल तर अर्ज पोचलाच नाही असं धरा आणि परत जा, मुदत चालू आहे तोवर.

## ७. पैसे गेले तर पहिला तास

क्रम बदलू नका. आधी १९३०, तिथे व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ, बँक सांगायची. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते, म्हणून ब्रँचमध्ये जाण्यापेक्षा हा फोन आधी. मग बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय बंद करून तक्रार नंबर घ्या. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर लेखी तक्रार, मग पोलीस स्टेशन आणि ब्रँच.

चॅट डिलीट करू नका. लाज वाटून आजोबा नेमकं तेच करतात, म्हणून आधी त्यांच्यावर ओरडणं बंद. एपीके टाकली असेल तर फोनचं नेट आणि वायफाय बंद करा आणि १९३० ला दुसऱ्या फोनवरून लावा.

आरबीआयच्या २०१७ च्या नियमात असं आहे की आपली काही चूक नसताना गेलेले पैसे तीन कामाच्या दिवसांत कळवले तर नुकसान आपल्यावर येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तक्रार नंबरावरची वेळ म्हणून महत्त्वाची.

## ८. तीस दिवस उलटलेत आणि पॉलिसी गळ्यात आहे

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहा, व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग आणि सही केलेलं इलस्ट्रेशन मागा. सोबतच विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. महिन्यात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल: फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, पण कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षात जावं लागतं. मुंबई आणि पुण्यात ऑफिसं आहेत, गोव्याचं काम पुण्याकडे. तुमचा जिल्हा कुणाकडे येतो ते त्यांच्या साइटवर बघून घ्या.

तक्रारीत कहाणी लांबवू नका. काय सांगितलं, कागदात काय निघालं, कधी कळलं, काय हवंय, एवढ्या चार गोष्टी, तारखांसकट, एका पानात. आईला नीट वाचता येत नसेल किंवा फॉर्म इंग्रजीत होता तर ते ठळक लिहा.

आणि एवढं चालू असताना एक फोन हमखास येतो: "विमा नियामकाकडून बोलतोय, तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, जीएसटी भरा, एजंट कोड काढून देतो." नियामक पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही, कुणाला फोन करून पैसे मागत नाही. जुन्या पॉलिसीचे पैसे खरंच राहिलेत का ते बघायला प्रत्येक कंपनीच्या साइटवर न मागितलेल्या रकमांचा शोध असतो, पॉलिसी नंबर टाकायचा आणि फुकटात कळतं.